अचानक तपासणीची रंगीत तालीम

अचानक होणाऱ्या तपासणीची तारीख आणि वेळ यासुहिको मिनोबेला नगर कार्यालयातून आधीच फोन करून कळवण्यात आली.

"पुढच्या महिन्यातला तिसरा रविवार, सकाळी नऊ," कुवाशिमाबाई म्हणाल्या. "अगदी अचानक होणार आहे. कुणाला म्हणजे कुणाला कल्पना नाही."

"पण मला तर तुम्ही आत्ताच कल्पना दिलीत."

"तुम्हाला न सांगून कसं चालेल, मिनोबेसान? तुमची माणसं नेमकी शेतावर गेली, तर प्रांताचे साहेब अचानक येऊन भेटणार कुणाला? फक्त त्या दिवशी जरासे दचकलात तर बरं होईल. साहेबांना समाधान वाटतं."

यासुहिकोने दचकायचं कबूल केलं, फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता तो उलटा बसवला.

हिनोसावात यासुहिकोचं चष्म्याचं दुकान होतं. म्हणजे दुकान सासऱ्यांचं होतं. घर सासऱ्यांचं, मिनोबे हे आडनावही सासऱ्यांचं. यासुहिको घरजावई होता. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एक पद तेवढं होतं, नगराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या तिसऱ्या तुकडीचा प्रमुख. तेही त्याने मागितलेलं नव्हतं. ज्या बैठकीत प्रमुख निवडायचा होता तिला तो सर्दीमुळे गेला नाही, आणि हिनोसावात बैठकीला गैरहजर असलेल्या माणसाइतका लायक उमेदवार दुसरा कुणी समजला जात नाही. टाळ्यांच्या कडकडाटात त्याची निवड झाली, असं त्याला दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे समजलं. त्यापूर्वी तिथे सासरेबुवा प्रमुख होते, त्यांच्यापूर्वी सासरेबुवांचे वडील.

तुकडीला काय येतं, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. कवायत. दरवर्षी होणाऱ्या कवायत स्पर्धेसाठी ही मंडळी महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव करत. मुठी कमरेला, कोपर अंगालगत, आधी डावं पाऊल, धावत बंबाकडे, एका फेकीत पाइप सरळ उलगडायचा, "पाणी सोडा!" म्हणून ओरडायचं, आणि समोरच्या गोल पाटीवर फवारा मारून ती पाडायची. पाटी पडली की पुन्हा रांगेत उभं राहून सलाम ठोकायचा. कोपर बाहेर गेलं की गुण कापले जात. एका वर्षी तिसऱ्या तुकडीला जिल्ह्यात तिसरा क्रमांक मिळाला होता, त्याचा करंडक बंबघरात काचेच्या कपाटात होता. प्रत्यक्ष आग विझवायची वेळ क्वचितच येई, आणि आली तरी मोठ्या शहरातलं पगारी दल येऊन पोचेपर्यंत आग आपली आपण दमलेली असे.

आता मात्र सरकारच्या लक्षात आलं होतं की हे सगळं दिखाऊ झालंय. प्रशिक्षणात 'वास्तवता' दिसली पाहिजे, असा हुकूम निघाला. प्रांताचे अधिकारी प्रत्येक तुकडीत जाऊन ती वास्तवता डोळ्यांनी पाहणार आणि जिथे ती दिसणार नाही ती तुकडी शेजारच्या तुकडीत विलीन होणार. तिसरी तुकडी विलीन होणार म्हणजे बंब जाणार नदीपलीकडच्या दुसऱ्या तुकडीकडे. नदीला पूर आला की पूल बंद होतो. बर्फ पडलं तरी बंद होतो. नगर कार्यालयाला कंटाळा आला तरीही तो बंद होतो, असं काही लोक म्हणत.

"म्हणजे माझं घर पेटलं तर बंब पलीकडच्या काठावरून मला हात हलवून दाखवणार का?" ओतोवा आजींनी दुकानात येऊन विचारलं. ओतोवा आजी मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. लाकडी घर, गवती चटया, आणि त्यात अजून चुलीवर भात शिजवायचा हट्ट. "जावईबापू, बंब इथून हलता कामा नये. मी आधीच सांगून ठेवते."

"प्रयत्न करू, आजी."

"प्रयत्न चष्म्यात करा. बंब हलता कामा नये."

सासरेबुवा गेनझाबुरो दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. ते यासुहिकोशी दोनच प्रकारे बोलत, टोमणा मारून किंवा खाकरून. त्या दिवशी त्यांनी दोन्ही केलं.

"माझ्या बापाने हातपंप ओढला," ते आतून म्हणाले. "मी मोटरपंप आणला. तू काय करणार? निरोप समारंभ?"

यासुहिकोच्या ते फार जिव्हारी लागलं. इतकी वर्षं दर रविवारी पहाटे उठताना त्याने मनातल्या मनात हा बंब नदीत ढकलला होता. पण आपल्या कारकिर्दीत, आपल्या नावावर तो पलीकडे गेला असं उद्या प्रत्येक चष्म्याच्या गिऱ्हाइकाने म्हणावं, ही कल्पना त्याला सहन होईना. वास्तवता दाखवायची. पुरेपूर दाखवायची.

संध्याकाळी तुकडी हायासाकाच्या नूडल्सच्या दुकानात जमली. हायासाका हा तुकडीतला सगळ्यात दांडगा माणूस, त्याच्या अंगाला बारा महिने कांद्याच्या पातीचा वास. त्याच्या शेजारी नेझु न्हावी, जो पन्नाशीला आला तरी तुकडीत 'तरुण रक्त' म्हणून ओळखला जाई. बाकी भात पिकवणारे दोन भाऊ होते, ते कधी बोलत नसत आणि वाडगं उचलून नुसती मान डोलवत.

"आग दाखवायची म्हणजे धूर हवा," नेझु म्हणाला. "माझ्याकडे डासांच्या उदबत्त्या आहेत."

"डासांच्या उदबत्तीने प्रांताचा साहेब घाबरेल का?" हायासाकाने विचारलं. "ओला पेंढा. पत्र्याच्या पिंपात ओला पेंढा पेटवायचा. असा धूर होईल की साहेबाच्या डोळ्यांतून पाणीच येईल."

"आणि आगीत कुणीतरी अडकलेलं हवं," नेझु म्हणाला. "वाचवायला."

कवायतीच्या मैदानाच्या डाव्या कडेला चहा सुकवायची एक जुनी शेड रिकामी पडलेली होती, ती आग लागलेलं घर म्हणून ठरली. अडकलेलं माणूस शोधावं लागलं नाही. बातमी गावात पसरली आणि ओतोवा आजी स्वतःची गादी, उशी आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन शेडमध्ये जागा बघून गेल्या. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघीजणी आल्या, पण आजींनी त्यांना सांगितलं, "तुम्हाला मुलं-सुना आहेत. तुम्हाला वाचवायला घरची माणसं येतील. मला कोण आहे?" यावर दोघी आल्या वाटेने परत गेल्या.

"पण मला नेझु उचलेल," आजींनी अट घातली. "हायासाका नको. कांद्याच्या वासाने मी धुराआधीच जाईन."

मग यासुहिको मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रात गेला. धूर करायचा तर आधी कळवावं लागतं, नाहीतर कुणी खरी आग समजून फोन करायचा आणि पगारी लोकांना उगाच घंटा वाजवत यावं लागायचं. खिडकीमागच्या माणसाने सगळं लिहून घेतलं.

"आगीसारखा दिसणारा धूर, पण आग नव्हे. बरोबर?"

"बरोबर."

"काळजी करू नका. त्या दिवशी तुमच्याकडून कुणाचाही फोन आला तरी आम्ही येणार नाही," तो अतिशय आपुलकीने म्हणाला. यासुहिकोने कमरेत वाकून त्याचे आभार मानले.

पहिली तालीम झाली आणि यासुहिकोला कळलं की शेजाऱ्यांना नाट्यकलेचं अंग असणं ही किती मोठी आपत्ती आहे. तपासणी अचानक व्हायची होती, म्हणून मैदानाभोवती खुर्च्या घालून अख्खी गल्ली बसली होती. शेडमधून धुराची पहिली वळी निघाली मात्र, खुर्च्यांमधून एकच किंकाळी उठली. मिठाईवाल्याच्या बायकोने कपाळाला हात लावून मूर्च्छा येण्याचा देखावा केला आणि ती खुर्चीवरून सावरून, जागा बघून, गवतावर पडली. कुणीतरी "पळा, पळा" म्हणत स्वतःच्या खुर्चीभोवती गोल धावलं. हायासाका चुकून शेडमध्ये घुसला आणि आजींना उचलायला गेला. त्यांनी त्याच्या डोक्यात गरम पाण्याची पिशवी हाणली. नेझु वेगळ्या दाराने आत शिरला तेव्हा आजी स्वतःच चालत बाहेर येऊन कडेला उभ्या होत्या आणि "मी अजून 'वाचवा' म्हटलेलंच नाही" असं प्रेक्षकांना सांगत होत्या.

"असं नाही चालणार," यासुहिको म्हणाला. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि जन्मात पहिल्यांदा कडक आवाजात बोलला. "हे बघा, तपासणी अचानक आहे. धूर दिसला तरी तो कुणी बघायचा नाही. कुणी बोट दाखवायचं नाही, ओरडायचं नाही. सरळ समोर बघायचं. मी शिट्टी वाजवली की मग धूर दिसला. शिट्टीच्या आधी धूर नाही. कळलं?"

"शिट्टीच्या आधी धूर नाही," सगळ्यांनी एकसुरात म्हटलं.

दुसऱ्या तालमीला हे इतकं सुरेख जमलं की यासुहिकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच पेंढ्याच्या धुराचं नव्हतं. मैदानभर धूर पसरला, लोकांना ठसके लागले, आणि एकानेही मान वळवली नाही. मिठाईवाल्याची बायको धुरात दिसेनाशी झाली तरी समोर बघत हसत राहिली. अशी शिस्त प्रांतात कुठे नसेल, असं नेझु म्हणाला.

सासरेबुवांना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. "वास्तवता!" ते जेवताना फुमिएला म्हणाले. फुमिए म्हणजे त्यांची मुलगी, यासुहिकोची बायको. "आग आली म्हणून काय कवायत सोडायची? आग येते आणि जाते. कोपर जागच्या जागी राहिलं पाहिजे. तुझ्या नवऱ्याचं कोपर बघ, भात खातानासुद्धा बाहेर."

यासुहिकोने कोपर आत घेतलं आणि मासा खाली पडला.

रविवार उजाडला तो स्वच्छ ऊन घेऊन. मैदानात पाहुण्यांसाठी पांढरा तंबू होता, त्याच्या पाठीमागे काही पावलांवर बंबघर. बंब धुऊन पुसून मैदानाच्या मधोमध, कालव्याजवळ उभा केला होता. महिला मंडळाच्या बायकांनी एका बाजूला प्रचंड पातेल्यात डुकराचं मांस आणि मुळा घातलेलं मिसो सूप चढवलं होतं. त्याशिवाय हिनोसावात काहीही पार पडत नाही, मग ते लग्न असो नाहीतर आग. शेडमध्ये ओतोवा आजी गादीवर आडव्या झाल्या होत्या. केस त्यांनी आदल्या दिवशी नेझुकडून सेट करून घेतले होते.

नऊ वाजता प्रांताचे साहेब अचानक आले. सेन्गोकु त्यांचं नाव. सडपातळ, हसणं अजिबात माहीत नसलेला माणूस, आणि नाकावरचा चष्मा एका बाजूला उतरलेला. यासुहिको ठरल्याप्रमाणे दचकला, पण त्याचं निम्मं लक्ष त्या चष्म्याकडे होतं. डावी काडी थोडी वाकवली की झालं, इतकं सोपं काम. त्याचे हात शिवशिवायला लागले.

साहेब तंबूत बसले, शेजारी कुवाशिमाबाई, आणि पहिल्या रांगेत, खास मानाच्या खुर्चीवर, सासरेबुवा. उपनगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले. तुकडी त्यांच्यासमोर रांगेत, मुठी कमरेला, नजर सरळ.

उपनगराध्यक्षांना हिनोसावाच्या इतिहासातल्या पहिल्या आगीपासून सुरुवात करायची सवय होती. ते दुसऱ्या आगीपर्यंत आले असतील, तेवढ्यात यासुहिकोला तंबूच्या छतामागून धुराची एक बारीक रेघ वर चढताना दिसली.

त्याच्या मनात पहिला विचार आला तो कौतुकाचा. दुसरा विचार आला की शेड तर डावीकडे आहे. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून हायासाकाकडे पाहिलं. पेंढा पेटवायचं काम हायासाकाच्या पुतण्याचं होतं. हायासाका समोर बघत होता. नेझु समोर बघत होता. भातवाले भाऊ समोर बघत होते. खुर्च्यांवर बसलेली अख्खी गल्ली समोर बघत होती, आणि धुराची रेघ एव्हाना चांगली दंडाएवढी झाली होती. कुणीही, कुणीही तिकडे बघत नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता.

"आणि त्या भीषण प्रसंगी," उपनगराध्यक्ष म्हणत होते, "आपल्या पूर्वजांनी प्रसंगावधान दाखवलं..."

बंबघराच्या खिडकीत काहीतरी लाल चमकलं. तरी पण भाषण चालू होतं, आणि उपनगराध्यक्षांचं भाषण मध्येच तोडणारा माणूस हिनोसावात अजून जन्मायचा होता. यासुहिकोने सुचली ती एकच गोष्ट केली. त्याने हात वर केला.

उपनगराध्यक्षांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. "प्रश्न शेवटी घेऊ."

"साहेब, पण..."

"शेवटी."

मग यासुहिकोने शिट्टी वाजवली.

इतके आठवडे ज्या क्षणाची तयारी झाली होती तो क्षण आला. अख्खं मैदान एकदम "आग!" म्हणून ओरडलं. तुकडी मुठी कमरेला लावून, डाव्या पावलाने, एका लयीत बंबाकडे धावली. पाइप एका फेकीत सरळ उलगडला. "पाणी सोडा!" अशी आरोळी उठली. आणि फवाऱ्याचा पहिला सणसणीत झोत डावीकडच्या शेडच्या दारातून आत, थेट ओतोवा आजींच्या गादीवर गेला.

"अरे मेल्यांनो!" आतून आवाज आला. "धूर कुठे आहे? मी अजून 'वाचवा' म्हटलेलं नाही!"

"तिकडे नाही!" यासुहिको बेंबीच्या देठापासून ओरडला. "मागे! उजवीकडे! बंबघर!"

तुकडी थांबली. एकाच वेळी, एका पावलावर थांबली. हायासाकाच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. "प्रमुख, हे तालमीत नव्हतं. ते उद्यावर ठेवायचं का?"

"बंबघर पेटलंय, गाढवांनो! खरं पेटलंय!"

आता कुठे तंबूतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं. बंबघराच्या खिडकीची काच तडकून खाली पडली. कुवाशिमाबाईंनी शहरातल्या केंद्राला फोन लावला.

"हो, हो, तुमची नोंद आहे आमच्याकडे," पलीकडून आवाज आला. "धूर दिसतोय ना छान?"

"अहो, खरी आग लागलीय!"

"वा! अगदी खरीच वाटतेय तुम्ही बोलताय तेव्हा. अभिनंदन." आणि फोन ठेवला गेला.

म्हणजे येणारं कुणी नव्हतं. बंबघराच्या मागच्या भिंतीला लागूनच मागच्या गल्लीतली पहिली लाकडी घरं सुरू होत होती. पुढे काय झालं ते कवायतीच्या कुठल्याही पुस्तकात बसणारं नव्हतं. हायासाका पाइपचं तोंड खांद्यावर टाकून बैलासारखा सुटला. पाइपला मध्येच वेढा बसला, भातवाल्या भावांनी तो उचलून झटकला आणि जन्मात पहिल्यांदा एकमेकांवर ओरडले. नेझुचा एक बूट चिखलात राहिला. तो एका बुटावर लंगडत बंबाची कालव्यात सोडलेली नळी सावरायला गेला. यासुहिकोने पाइपचं तोंड हायासाकाच्या हातातून घेतलं, कुणीतरी पाणी सोडलं, आणि पाण्याच्या जोराने तो उताणा पडला. झोत आधी आकाशात गेला, मग तंबूवर, मग सेन्गोकु साहेबांवर, आणि मग देवाच्या कृपेने बंबघराच्या दारात. तो पडूनच राहिला आणि पडल्या पडल्या दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला. महिला मंडळाने कालव्यापासून बादल्यांची साखळी केली. बादल्या संपल्या तेव्हा मिठाईवाल्याच्या बायकोने कुठलाही अभिनय न करता सुपाचं पातेलं उचललं आणि मुळ्यासकट खिडकीतून आत ओतलं. ओतोवा आजी चिंब भिजलेल्या गादीसकट धावत आल्या आणि ती गादी जळत खाली पडलेल्या दारावर टाकून तिच्यावर उभ्या राहिल्या.

आग विझली. घरं वाचली. बंबघराचं अर्धं छत खाली आलं होतं, करंडक वितळून कपाटाच्या तळाशी चिकटला होता, आणि सगळीकडे मिसो सुपाचा खमंग वास सुटला होता. कुणाचंच कोपर जागेवर नव्हतं.

मग सेन्गोकु साहेब उठले. ते नखशिखांत भिजले होते. काळ्या पडलेल्या बंबघरात शिरून त्यांनी पाहिलं आणि बाहेर येऊन विचारलं, "आत रॉकेलचा हीटर आहे. त्याच्या वर वाळत घातलेला अंगरखा पडलेला आहे. हीटर कुणी लावला होता?"

सासरेबुवा पुढे आले. त्यांच्या हातात राखेतून उचललेली, अर्धी जळालेली निळी बाही होती. प्रमुखाचा जुना अंगरखा, त्यांच्या वडिलांचा. भाषणं संपली की तो अंगात घालून साहेबांपुढे उभं राहायचं म्हणून, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून तो त्यांनी हीटरवर टांगला होता. ते बाहीकडे बघत होते. यासुहिकोने सासऱ्यांना इतकं म्हातारं कधीच पाहिलं नव्हतं. अग्निशमन दलाचा माजी प्रमुख, आणि बंबघर त्याच्या हातून जळालं. उद्यापासून हे गाव त्यांच्याकडे कसं पाहील, ते त्याला एका क्षणात कळलं.

"मी लावला," यासुहिको म्हणाला.

फुमिएने तोंडावर हात ठेवला.

"खोटं बोलतोय," सासरेबुवा म्हणाले. "माझ्या जावयाला हीटर पेटवता येत नाही. मी लावला. अंगरखा माझा. बंबघर मी जाळलं."

सेन्गोकु साहेबांनी चष्मा काढला, ओल्या रुमालाने पुसला, त्यामुळे तो आणखी ओला झाला. यासुहिकोने न विचारता तो त्यांच्या हातून घेतला, डावी काडी हलकेच वाकवली आणि परत दिला. साहेबांनी तो लावला. बहुधा बऱ्याच वर्षांनी त्यांना जग सरळ दिसलं असावं, कारण ते बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले.

"ठरलेली तपासणी पूर्ण झालेली नाही," ते अखेर म्हणाले. "प्रशिक्षण दाखवत असताना खरी आग लागली. खरी आग माझ्या विभागात येत नाही. तेव्हा ही तपासणी अपूर्ण. पुन्हा घ्यावी लागेल."

"कधी, साहेब?" कुवाशिमाबाईंनी विचारलं.

"तुकडीला बंबघर असेल तेव्हा. बंबघर नसताना तपासणी घेता येत नाही."

"आणि बंबघर बांधायला पैसे?"

"ते तपासणीत उत्तीर्ण झाल्यावर मंजूर होतात."

कुवाशिमाबाईंनी हे मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "म्हणजे विलीनीकरण...?"

"तपासणी पूर्ण झाल्याशिवाय नाही. बंब तोपर्यंत प्रमुखाच्या ताब्यात राहील." साहेब गाडीकडे निघाले, मग थबकले. "माझ्या उभ्या नोकरीत मी कवायती पाहत आलोय," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "माणसं आगीकडे धावताना आज पहिल्यांदा पाहिली." आणि भिजलेल्या बुटांचा पचक पचक आवाज करत ते निघून गेले. ओतोवा आजी आपल्या जळक्या गादीवर बसून ढसाढसा रडल्या, आणि रडता रडता त्यांनी नव्या गादीचं काय, असंही विचारून घेतलं.

बंब यासुहिकोच्या दुकानासमोर आला. दुसरी जागाच नव्हती. तो इतका मोठा होता की दुकानाचं दार अर्धंच उघडे, आणि चष्मे मांडलेली काच पूर्ण झाकली गेली. गिऱ्हाईक आडवं होऊन आत येई. यासुहिको तक्रार करायचा, पण ती करताना त्याचा आवाज काही चढायचा नाही, हे फुमिएच्या लक्षात आलं होतं.

सासरेबुवा मात्र त्या रविवारपासून बोलले नव्हते. मागच्या खोलीत पडदा ओढून बसत. टोमणा नाही, खाकरणंसुद्धा नाही. जेवण दारात ठेवावं लागे आणि अर्धं परत येई. फुमिए स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत उभी राहायची.

एका सकाळी यासुहिकोने पडद्याबाहेरून हाक मारली. "बाबा, बंब थोडा मागे घ्यायला हवा. दार उघडत नाही. मागे कोण बघणार?"

तो बाहेर गेला, बंबात चढला, आणि इंजिन चालू केलं. आरशात पाहिलं तर सासरेबुवा रस्त्यावर उभे होते. पायांत घरातल्याच सपाता, केस विस्कटलेले.

"मागे," ते म्हणाले. "अजून मागे. अरे, डावीकडे वळव. डावीकडे! मागे ये, ये, ये..."

मोठा कडकडाट झाला. दुकानाची पाटी, सासरेबुवांच्या वडिलांनी रंगवून घेतलेली, अर्ध्यात तुटून बंबावर आडवी पडली. रस्त्यात सासरेबुवांचा आवाज घुमला, इतका की मागच्या गल्लीतून ओतोवा आजी खिडकी उघडून बघायला लागल्या.

फुमिए ओले हात घेऊन धावत बाहेर आली. तिने पाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग बंबाभोवती तरातरा फिरणाऱ्या बापाकडे.

"अहो, बाबा बोलले?" तिने हळूच विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाले?"

"गाढव म्हणाले. आणि बिनडोक. आणि तुझ्या आईने आपल्या लग्नाला नाही म्हटलं होतं तेव्हाच ऐकायला हवं होतं, असं."

फुमिएने ओल्या हातांनीच डोळे पुसले, आणि आत जाऊन बापासाठी आणखी एक मासा भाजायला ठेवला.